ताई, त्या एक्सेल शीटसाठी मनापासून थँक्यू

ताई,

हे फोन करूनही सांगता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय, कारण चांगला पगार आणि मनाला न पटणारं काम यांच्या मधे अडकलेले बरेच जण आहेत आणि प्रत्येकाला तुमच्यासारखी सीनियर मिळतेच असं नाही.

तेव्हा आमच्या टीमकडे काम आलं होतं, लोकेशनची परमिशन मागणाऱ्या स्क्रीनवर 'हो' मोठं रंगीत करायचं आणि 'नको' इतकं फिकट की नजरेत येऊच नये, आणि मिळालेला डेटा पुढे डेटा ब्रोकरला, म्हणजे लोकांची माहिती विकत घेऊन पुढे विकणाऱ्या कंपनीला, विकायचा. बाकी सगळे म्हणत होते की लीगलने ओके दिलंय ना, मग तुला काय त्रास आहे. तुम्ही तसं म्हणाला नाहीत, पण "सोडून दे" असंही म्हणाला नाहीत, आणि मला त्याचंच जास्त मोल वाटतं. तुम्ही लॅपटॉप उघडलात आणि सरळ विचारलंत, महिन्याचा खर्च किती, हप्ते किती, पगार थांबला तर किती महिने निघतील?

मग पगारासोबत कंपनी जे शेअर्स देते त्यांचं गणित. बहुतेक ठिकाणी असतं तसंच, ४ वर्षांत थोडे थोडे हातात येणार, पहिलं वर्ष पूर्ण व्हायच्या आत सोडलं तर शून्य, आणि जुने संपत आले की नवे मिळतात, म्हणजे सोडायला 'योग्य वेळ' अशी कधी येतच नाही. जे पैसे अजून माझे झालेच नव्हते ते जातील म्हणून मी घाबरत होतो, हे त्या शीटवर मला स्पष्ट दिसलं.

मी तुम्हाला ब्रायन ॲक्टनचं सांगत होतो, व्हॉट्सॲपचा को-फाउंडर, जाहिरातींवरून पटलं नाही म्हणून २०१७ मध्ये फेसबुकमधून (व्हॉट्सॲप त्यांनीच विकत घेतलं होतं) बाहेर पडला आणि साधारण ८५ कोटी डॉलरचे शेअर्स तसेच सोडले. तुम्ही म्हणालात, तो आधीच अब्जाधीश होता, आपला निर्णय आपल्या हप्त्यांवर ठरतो. अगदी खरंय. (तरी मला तो माणूस आवडतो, पुढे त्याने सिग्नल या प्रायव्हसी जपणाऱ्या मेसेजिंग ॲपमागच्या सिग्नल फाउंडेशनला ५ कोटी डॉलर दिले.)

आणि फोक्सवॅगनचं प्रकरण तुम्हीच सांगितलंत. गाडीची टेस्ट चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं प्रदूषण कमी दाखवणारं सॉफ्टवेअर, २०१५ मध्ये ते बाहेर आलं आणि २०१७ मध्ये अमेरिकेत एका इंजिनियरला ४० महिन्यांची शिक्षा झाली. वरून सांगितलं म्हणून केलं, यावर कोणी सुटत नाही, एवढंच म्हणालात आणि मला एक कागद दिलात, काय करणार नाहीस ते आत्ताच लिही, कारण ऑफर समोर आली की आपलंच डोकं तिची वकिली करायला लागतं.

मी लिहिलं, काम नाकारलं आणि नंतर नोकरीही सोडली. पगार बराच खाली आला, घरात अजूनही कधीतरी तो जुना आकडा निघतो आणि त्या दिवशी जड जातं, हे लपवत नाही. पण आता जे बनवतो ते नक्की काय करतं हे कोणालाही सांगताना मला शब्द चाचपावे लागत नाहीत, आणि हे तुमच्यामुळे.

ती शीट मी आता ज्युनियर मुलांना देतो. तुम्हाला न विचारता त्यात एक कॉलम वाढवलाय, नोकरी गेली की हेल्थ इन्शुरन्सचं काय. वेळ मिळाला की बघा आणि अजून काही राहिलं असेल तर सांगा.