टोळ्यांच्या सिनेमाला सरसकट झोडपू नका

महोदय,

पोरांच्या टोळ्यांवरचे सिनेमे शाळकरी मुलांना बिघडवतात, अशी पत्रे या सदरात लागोपाठ आली. त्यांपैकी किती जणांनी ‘द आउटसायडर्स’ पाहिलाय, शंकाच आहे. माझी सारी नोकरी शाळेच्या ग्रंथालयात गेली. नववी-दहावीच्या मुलांना हा सिनेमा जरूर दाखवावा, असे मी म्हणेन.

अमेरिकेतले टल्सा शहर. केसांना तेल चोपडून फिरणारे गरीब वस्तीतले ग्रीझर्स आणि मोटारी उडवणारे बड्या घरचे सोशेस, यांचे हाडवैर. एस. ई. हिंटन या मुलीने याची मूळ कादंबरी हायस्कुलात असताना लिहिली, १९६७ मध्ये ती छापून आली. सिनेमा निघाला तो मात्र एका ग्रंथपालबाईंमुळे! कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोजवळच्या लोन स्टार शाळेतल्या जो एलेन मिसाकियन यांनी १९८० मध्ये विद्यार्थ्यांच्या सह्या घेऊन या कादंबरीवर सिनेमा काढा, असे पत्र थेट दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांना धाडले. त्यांनी ते मनावर घेतले आणि १९८३ मध्ये सिनेमा पडद्यावर आला. (आमच्याकडे ग्रंथालयाचा तास गणिताच्या सरांना आंदण दिलेला असतो, ते असो.)

मारामारी आहे, भरपूर आहे. भर पावसात, चिखलात ग्रीझर्स जिंकतात, तेव्हा मुले टाळ्या पिटणारच. डॅली आणि पोनीबॉय हे दोघे ग्रीझर ती खबर घेऊन इस्पितळात धावतात. तिथे त्यांचा दोस्त जॉनी पडलाय. पेटलेल्या चर्चमधून लहान मुलांना बाहेर काढताना भाजलेला. हाच जॉनी पूर्वी एका सोशच्या बोटांतल्या अंगठ्यांच्या ठोशांनी फुटलाय, तेव्हापासून चाकू बाळगतो तो भीतीपोटी, आणि त्याच चाकूने त्याच्या हातून खून झालाय. जिंकल्याचे त्याला काही नाही. मारामारीत अर्थ नाही म्हणतो, आणि थोड्या वेळात जातो. मघाशी टाळी वाजवलेल्या पोरांचे चेहरे तेव्हा पाहावेत.

दाखवायचाच तर २००५ची आवृत्ती शोधा. कापलेले प्रसंग कोपोलांनी तीत परत जोडले, त्यामुळे ती सुमारे वीस मिनिटांनी मोठी आहे. आईबाप गेलेले पोनीबॉय आणि त्याचे दोघे थोरले भाऊ, सर्वांत थोरल्याची ओढाताण, धाकट्या पोनीबॉयला घरी राहू द्यायचे की नाही याचा कोर्टातला निवाडा, हे सगळे तीत नीट येते. पालकांनाही सोबत बसवा.

— एक निवृत्त शालेय ग्रंथपाल, मिरज