खोली घेतलीय, रागावू नका

आई, अण्णा,

फोनवर काही सांगायला लागलं की अण्णा "बघू" म्हणून ठेवून देतात, म्हणून लिहितोय. आई, तूच मोठ्याने वाच, अण्णांचा चष्मा बदलायचा राहिलाय.

खोली घेतली. एरंडवण्यात, तळमजला, हॉस्पिटलपासून चालत सात मिनिटं. दोन महिन्यांचं भाडं देऊन झालंय, त्यामुळे नको म्हणून उपयोग नाही. गावात काय म्हणतील ते माहितीय मला, पोरगा पुण्यात आणि आईबाप भाड्याच्या खोलीत. स्मिता पण दोन दिवस धड बोलली नाही, तिला वाटलं नाव तिचंच खराब होणार. पण आमच्या मोशीच्या घरून यायचं म्हणजे नाशिक फाट्याची गर्दी धरून जायला दीड तास, यायला दीड तास, आणि अण्णांच्या लाईटच्या (म्हणजे रेडिएशनच्या) ३३ सिटिंग आहेत, सोमवार ते शुक्रवार रोज एक, साडेसहा आठवडे, मधे खाडा करून चालत नाही. मशीनवर जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. पहिले दोन आठवडे फारसं काही वाटणार नाही, अण्णा म्हणतील उगाच खर्च केलास. मग तोंड येतं, गिळताना दुखतं, चव जाते. तेव्हा तुम्हाला रोज तीन तास गाडीत हिंदकळत न्यायचं माझ्याच्यानं होणार नाही. शनिवार-रविवार मशीन बंद, तेव्हा घरीच यायचंय, नातीने आत्ताच कॉट वाटून घेतलीय.

खरं सांगू का, सोलापूर डोक्यातनं जात नाही. माझ्या पायाच्या वेळी आई कॉटखाली झोपायची, आणि अण्णा रोज सकाळी भांग पाडून, केळी घेऊन यायचे, मला वाटायचं लॉजवर राहतात, मजा आहे यांची. व्हरांड्यात पेपर टाकून झोपत होतात आणि बाहेरच्या नळावर अंघोळ, हे मला ताईच्या लग्नात मामाने सांगितलं. एकवीस दिवस.

तर खोलीत पलंग आहे, कमोड आहे, गीझर आहे. मिक्सर नवा आणलाय कारण पुढे सगळं पातळच लागेल. आई, तिखट बंद, मऊ भात, पेज, दूध. शेंगदाण्याची चटणी आण पण माझ्यासाठी, वेगळी बांध. अण्णांच्या मानेला तेल, पावडर, अंगारा काही लावायचं नाही, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय. आणि अण्णा, चंची घरी ठेवून येऊ नका, फेकून या. दाताच्या डॉक्टरची वेळ सोमवारी अकराची आहे, लाईटच्या आधी ते लागतंच. तोंडावर जाळीचा साचा बसवतात, घट्ट असतो पण श्वास नीट घेता येतो, गुदमरल्यासारखं झालं तर हात वर करायचा, बाहेर कॅमेऱ्यात दिसतं त्यांना. भीती वाटली तर वाटली म्हणा, मी कोणाला सांगणार नाही.

आई, आता तुझं. मला काही होत नाही हे आजीच्या वेळी ऐकलंय, आणि न्हाणीघरात नळ सोडून रडलेलं पण ऐकलंय. वेटिंगमध्ये रोज त्याच वेळेला तेच लोक असतात, मी साच्याचं विचारायला गेलो होतो तेव्हा बीडकडच्या एक मावशी दुसरीला गुळण्यांचं समजावत होत्या, मिठाच्या पाण्यात सोडा किती घालायचा ते. त्यांच्यात बस. तिथल्या समाजसेविका मॅडमना भेटून आलोय मी, चांगल्या आहेत, त्या पेशंटच्या माणसांशी पण बोलतात. रात्री कधी फारच घालमेल झाली आणि मला उठवायला जीव झाला नाही (होणारच नाही तुला) तर १४४१६ लाव, सरकारचा टेली मानसचा नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात, वेड्यांचा वगैरे नाहीये. फ्रीजवर मोठ्या अक्षरात चिकटवलाय. बुधवारी मी मुक्कामाला येणार, तेव्हा तू सुट्टीवर, कमला नेहरू पार्कात जाऊन नुसती बसून ये. बीपीची गोळी मी मोजणार आहे.

गाईचं नानांशी बोललोय, दूध त्यांनीच ठेवायचं. रविवारी सकाळच्या एसटीने या, स्वारगेटला मी आहेच. आजीची गोधडी आणा, इथल्या गाद्यांना नवा वास येतो.

तुमचा
बाळू

किल्ल्या तीन करून घेतल्यात, एक माझ्याकडे राहील.