पत्राच्या वर कोणतं नाव लिहू?

प्रिय मित्रा,

वर नुसतं 'मित्रा' पाहून तुला चुकल्यासारखं वाटेल. तीस वर्षं ज्या नावाने तुला हाक मारली, त्याच नावाने पत्र सुरू केलं होतं. लिहिलं, खोडलं, दुसरा कागद घेतला. का, ते पुढे येईल. आधी परवाच्या फोनबद्दल. मी मध्येच फोन ठेवला आणि ते मला दोन दिवस खातंय.

तू म्हणालास, "पोरं जिंकून आली, रात्रभर नाचली, थोडी प्यायली, त्यात कुणी कुणाला काही बोललं असेल. आपण काय वेगळे होतो? एवढं घर डोक्यावर घेऊ नकोस." आपण काय वेगळे होतो, या प्रश्नावर माझी बोलतीच बंद झाली. फोनवर उत्तर सुचलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

तू तो व्हिडिओ पाहिलेला नाहीस. चाळीस सेकंदांचा आहे. गाणं मोठ्याने लागलंय, रिलेची चारही पोरं गळ्यात पदकं घालून उड्या मारतायत, एकाच्या हातात ग्लास आहे. मग कॅमेऱ्यामागून कुणीतरी तिसऱ्या लेगला, म्हणजे रिलेच्या तिसऱ्या टप्प्याला, धावणाऱ्या मुलाला त्याच्या रंगावरून हाक मारतं आणि पुढे एका प्राण्याचं नाव जोडतं. सगळे खो-खो हसतात. तोही हसतो. मग खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागतो. नाडी बांधलेलीच आहे. नीट पाहिलं की दिसतं, दोन्ही गाठी शाबूत आहेत आणि तो नुसती बोटं फिरवतोय.

त्यावर क्लबाची बैठक झाली, चांगली दोन तास. दीड तास दारूवर गेला. मग एका सभासदाने सगळ्या संघाची उत्तेजक चाचणी करा अशी मागणी केली. का, तर जी पोरं पितात ती बाकीचंही घेत असतील. त्या हाकेचा विषय मी काढला तेव्हा उत्तर आलं, "ते त्यांचं आपसातलं आहे हो." आणि चहा आला.

मला खटकलं ते हे. पार्टी, डोपिंग म्हणजे उत्तेजक द्रव्यं घेणं आणि तो शब्द, तिन्ही एकाच गाठोड्यात बांधून वर 'बेशिस्त' अशी चिठ्ठी लावली. मी पंधरा वर्षं पोरांना पळायला शिकवतोय, आणि माझ्या लेखी या तीन गोष्टींचं वजन एकसारखं अजिबात नाही.

पार्टीचं मला फारसं वाटत नाही. विशीतली पोरं वर्षभर पहाटे उठतात, मोजून खातात, पाय भरून आले तरी शेवटचा राउंड मारतात. एक रात्र नाचली तर नाचली. दुसऱ्या दिवशी शर्यत असेल तर गोष्ट निराळी. 2007 च्या क्रिकेट विश्वचषकात इंग्लंडचा अँड्र्यू फ्लिंटॉफ दारू पिऊन मध्यरात्री पेडल मारायची बोट घेऊन समुद्रात गेला होता. त्याचं उपकर्णधारपद काढून घेतलं, एका सामन्याला बाहेर बसवलं. स्पर्धा चालू असताना केलं, शिक्षा झाली, विषय संपला. यापेक्षा जास्त मला त्यात काही दिसत नाही.

पण पार्टीतून डोपिंगकडे जाणारी एक गल्ली आहे आणि तिची मला खरोखर भीती वाटते. ती बैठकीतल्या त्या सभासदाला वाटते तशी मात्र नाही. स्टेरॉइड घेणारा माणूस सहसा पार्टीत सापडत नाही. तो वेळापत्रक सांभाळून, डोस मोजून, शांतपणे घेतो. पार्टीत अडकतो तो बेसावध पोरगा. नियमच तसा आहे: तुझ्या शरीरात जे सापडलं त्याला तू जबाबदार. कसं आलं, मुद्दाम घेतलंस की नकळत, हे पुढचं, आणि ते सिद्ध करायचं ओझंही बहुतेक वेळा तुझ्याच डोक्यावर.

टेनिसपटू रिशार गास्केचं प्रकरण मी पोरांना दरवर्षी सांगतो. 2009 मध्ये मायामीच्या स्पर्धेत त्याच्या नमुन्यात कोकेन सापडलं. प्रमाण अगदी नगण्य. त्याचं म्हणणं असं की, आदल्या रात्री क्लबमध्ये एका मुलीचं चुंबन घेतलं, तिने कोकेन घेतलेलं होतं, तिथून ते आपल्या शरीरात आलं. ऐकताना कुणालाही थाप वाटेल. पोरं दरवर्षी हसतात. पण न्यायाधिकरणाने पुरावा तपासला आणि ते मान्य केलं. वर अपील झालं, तिथेही डिसेंबरात तो निर्दोष ठरला. तोवर अडीच महिने टेनिस कोर्टाबाहेर गेले होते आणि जगभर नाव झालं होतं ते वेगळंच. हसून झालं की मी पोरांना विचारतो, तुमच्यातल्या कितीजणांकडे वकील आहे? मग हसू थांबतं.

पृथ्वी शॉचं तर पार्टीशीही देणंघेणं नव्हतं. खोकल्याच्या औषधात सर्रास असणारं टर्ब्युटालिन त्याच्या नमुन्यात निघालं आणि 2019 मध्ये आठ महिन्यांची बंदी बसली. शेन वॉर्न 2003 च्या विश्वचषकातून एकही सामना न खेळता घरी गेला. आईने दिलेली गोळी घेतली असं त्याने सांगितलं. गोळी लघवी वाढवणारी होती, आणि तसली औषधं दुसरी द्रव्यं लपवायला वापरतात म्हणून बंदीच्या यादीत आहेत. एक वर्ष गेलं. माझ्याकडे सर्दीची गोळीसुद्धा दाखवल्याशिवाय घ्यायची नाही असा नियम आहे. पोरं कुरकुरतात, मी ऐकत नाही.

वरच्या पातळीवर गेलेल्यांना तर रोज एक तास आपण कुठे सापडू ते लिहून द्यावं लागतं. त्या तासात नमुना घ्यायला तपासनीस कधीही दार वाजवू शकतो. बारा महिन्यांत तीन वेळा चुकलं की उल्लंघन धरलं जातं, शरीरात काही सापडलं नसलं तरी. म्हणजे पार्टी संपवून मित्राच्या खोलीवर झोपलास आणि सकाळी सहाचा तास स्वतःच्या पत्त्यावर दिलेला असेल, तर एक गेली. दारूपेक्षा पोरांना हे समजावणं जास्त गरजेचं आहे असं मी बैठकीत म्हणालो. कुणी टिपून घेतलं नाही.

आता नियम थोडा माणुसकीचा झालाय हेही सांगतो. 2021 पासून कोकेन, हेरॉइन, एक्स्टसी आणि गांजातलं टीएचसी यांचा वेगळा गट केला. स्पर्धेबाहेर घेतलं आणि कामगिरीशी संबंध नाही हे दाखवता आलं, तर बंदी तीन महिने, उपचार पूर्ण केले तर एकच महिना. अमेरिकेची धावपटू शकॅरी रिचर्डसनला तो एक महिना मिळाला होता. आपली जन्मदाती आई गेल्याचं तिला निवड स्पर्धेच्या वेळी एका पत्रकाराच्या तोंडून कळलं, त्या दुःखात गांजा ओढला, निवडीतली शंभर मीटरची जिंकलेली शर्यत रद्द झाली आणि टोकियो ऑलिंपिक हुकलं. 2023 ला बुडापेस्टमध्ये हीच मुलगी नवव्या लेनमधून 10.65 सेकंदांत विश्वविजेती झाली. त्या रात्री मी एकटाच टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवत होतो.

खरं डोपिंग वेगळं. त्यात माझ्याकडे दयामाया नाही, कारण तिथे शेजारच्या लेनमधला माणूस लुटला जातो. अ‍ॅडम नेल्सन, अमेरिकेचा गोळाफेकपटू, आठवतो? 2004 च्या ऑलिंपिकची गोळाफेक प्राचीन ऑलिंपियाच्या मैदानावर झाली होती. नेल्सन आणि युक्रेनचा युरी बिलोनोग, दोघांचीही फेक 21.16 मीटर. नेल्सनच्या बाकीच्या पाचही फेका फाउल, त्यामुळे दुसऱ्या सर्वोत्तम फेकीवर सुवर्ण बिलोनोगला गेलं. आठ वर्षांनी जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले, बिलोनोगच्या नमुन्यात स्टेरॉइड निघालं, पदक काढून घेतलं. नेल्सनला त्याचं सुवर्णपदक 2013 मध्ये मिळालं, कुठे, तर अटलांटाच्या विमानतळावर, खाण्याच्या स्टॉल्ससमोर. ना राष्ट्रगीत, ना प्रेक्षक. शेजारी लोक ट्रे घेऊन बसलेले. ऑलिंपियातली ती संध्याकाळ त्याला परत कोण देणार?

म्हणजे पार्टीत नुकसान झालं तर स्वतःचं, डोपिंगमध्ये शेजारच्याचं. आणि शब्दात? इथे मी कालपर्यंत अडखळत होतो.

शिव्यांचं म्हणशील तर मैदानावर त्या असतातच. स्टार्ट बिघडला की पोरगा स्वतःलाच कचकचीत शिवी घालतो, मी ऐकलं न ऐकलं करतो. पण ज्या शब्दात समोरच्याची कातडी, जात, घर येतं, तो माझ्या मते शिव्यांच्या खात्यातच मोडत नाही. सिडनीचं 2008 चं प्रकरण आठव. हरभजन सिंग ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला 'मंकी' म्हणाला असा आरोप झाला. सामनाधिकारी माइक प्रॉक्टरने तीन कसोटींची बंदी घातली. अपिलात न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यापुढे तो वंशद्वेषाचा आरोप टिकला नाही. शब्द दुसरा होता, हिंदीतली आईवरची शिवी होती असं आपल्या बाजूचं म्हणणं, आणि शेवटी अपशब्दांबद्दल निम्मं मानधन दंड झाला. आपण दोघांनी तेव्हा जल्लोष केला होता. तू म्हणाला होतास, "बघ, आईवरून शिवी देणं स्वस्त पडलं." आणि हसलो होतो.

तो शब्द उच्चारला गेला की नाही, हे मी आजही ठरवू शकत नाही. पण त्याच्या काही महिने आधी, 2007 च्या भारत दौऱ्यात, प्रेक्षकांनी सायमंड्सकडे पाहून माकडाचे आवाज काढले होते, हे तर सगळ्या जगाने पाहिलं. त्या वेळी आपण काय म्हणालो होतो मला आठवत नाही. बहुधा काहीच नाही. पुढे सायमंड्सने सांगितलं की सिडनीनंतर त्याची घसरण सुरू झाली, पिणं वाढलं. 2009 मध्ये दारूवरूनच त्याला टी-ट्वेंटी विश्वचषकाआधी इंग्लंडहून परत पाठवलं. तेव्हाच्या बातम्यांत काय होतं? दारुडा, बेशिस्त, पार्टीबाज. तो प्यायला का लागला, हे विचारायला फार कमी लोक थांबले. आमच्या बैठकीत झालं तेच. ग्लास सगळ्यांना दिसला. 2011 ला तो आणि हरभजन आयपीएलमध्ये मुंबईच्या एकाच संघात होते, दोघांत समेट झाला म्हणतात. 2022 मध्ये मोटार अपघातात तो गेला. 46 वर्षांचा होता.

आता त्या 'आपसातलं आहे हो'बद्दल. उरुग्वेचा फुटबॉलपटू एडिन्सन कवानीने 2020 मध्ये सामना जिंकल्यावर अभिनंदन करणाऱ्या मित्राला इन्स्टाग्रामवर लिहिलं, 'ग्रासियास, नेग्रितो.' शब्दशः, 'आभार रे, काळ्या.' इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने तीन सामने बंदी घातली. उरुग्वेच्या भाषा अकादमीने निषेध केला की आमच्याकडे हा लाडाचा शब्द आहे. मला अकादमीचं पटतं. मित्राने मित्राला म्हटलं, मित्राची तक्रार नव्हती. पण त्याच्याच देशाच्या लुइस सुआरेझने 2011 मध्ये भर सामन्यात, भांडणाच्या भरात, पॅट्रिस एव्हराला जवळपास तोच शब्द वापरला आणि आमच्याकडे असंच बोलतात असा बचाव केला. भाषेचे दोन जाणकार बोलावले गेले, आठ सामन्यांची बंदी झाली. तीही मला पटते. शब्दाचं मूळ एकच. एका ठिकाणी ऐकणारा आपला होता, दुसऱ्या ठिकाणी त्याला टोचण्यासाठी तो शब्द निवडला होता. मग ठरवायचं कुणी? ज्याला हाक मारली त्याने, असं मी परवा रात्री वहीत लिहिलं. लिहिलं आणि तुझी आठवण आली.

आपली चार गुणिले शंभरची टीम. मी तिसऱ्या लेगला वळणावरून यायचो, तू पुढे पाठमोरा उभा, डावा पाय पुढे, मान खाली. तू सुटायचास आणि मी ओरडायचो, "काळ्या, हात!" तुझा हात मागे यायचा, तळवा उघडा, आणि बॅटन बसायची. तीन वर्षांत एकदाही पडली नाही. बाकीच्या संघातले पोरगे नुसतं "हात!" ओरडायचे. मला कधी वाटलंच नाही की आपणही तेवढंच ओरडलो असतो तरी चाललं असतं. पुढे सगळा संघ तुला त्याच नावाने बोलवू लागला. बक्षीस समारंभात माइकवरून तेच नाव पुकारलं गेलं. लोक हसले, तूही हसलास, आणि व्यासपीठावर चढताना तू मान वर केली नाहीस. हे मला आता दिसतंय. तेव्हा मी टाळ्या वाजवत होतो.

कदाचित तुझ्यासाठी ते कवानीच्या मित्रासारखं असेल. लाडाचं असेल. तू खरंच मनापासून हसत असशील. मला तसंच हवंय, हे कबूल करतो. पण हे मी तुला कधी विचारलंच नाही. तीस वर्षांत एकदाही नाही. तू परवा म्हणालास, आपण काय वेगळे होतो. तू हे सहज म्हणालास की त्यात काही होतं, हे मला ओळखता आलं नाही, आणि इतक्या जवळच्या माणसाचं मला ते ओळखता येऊ नये याचं वाईट वाटतं.

शनिवारी सरावानंतर त्या मुलाला एकट्याला भेटणार आहे. त्याला काही शिकवायचं नाही, फक्त विचारायचंय. क्लब बंदी घालो न घालो, ज्याने हाक मारली त्याच्याशी मी स्वतंत्र बोलेन. पण त्या मुलासमोर बसायच्या आधी तुला विचारणं भाग आहे, नाहीतर मला त्याच्या डोळ्यांकडे पाहता येणार नाही.

खरं काय ते लिही. माझं मन राखू नकोस. तुला त्रास झाला असेल तर मी तुझी माफी मागतो, आणि ती समोर येऊनही मागेन. झाला नसेल तर तेही लिही, तसंच मानेन. लांब लिहायला वेळ नसेल तर पुढच्या पत्राच्या वर मी कोणतं नाव लिहू, तेवढं शनिवारच्या आत कळव.

तुझा,
तिसऱ्या लेगवाला