पाळीची तारीख विचारा

माननीय संपादक,
स. न.

पाळीच्या आधी बायकांची चिडचिड होते, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण दर महिन्याला त्याच सुमारास एखादीला जगणे नकोसे होते आणि पाळी आली की दोन-तीन दिवसांत ती पुन्हा पूर्वीसारखी होते, हा आजार असून त्यावर उपचार आहेत, हे आपल्याकडे अजून पोचलेले नाही. आमच्या घरात हे घडले. सुनेच्या सांगण्यावरूनच हे पत्र लिहीत आहे.

सून फोंड्याला एका कंपनीत हिशेब सांभाळते, कामात चोख आहे. गेल्या चतुर्थीला घर माणसांनी भरलेले, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची लगबग चाललेली आणि ही न्हाणीघराचे दार लावून आत रडत बसलेली. ‘‘आई, मी नसले तर तुम्हां सगळ्यांचं बरं होईल,’’ असे दाराआडून म्हणाली. माझ्या पोटात गोळा आला. पाहुण्यांत कुजबुज झाली की कामाचा कंटाळा आला असेल. पाळी आली आणि बाजूला बसलेली तीच सून तिसऱ्या दिवशी मुलाला पाढे विचारत हसत होती.

स्त्रीरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफी, थायरॉईड, रक्त सगळे तपासून घेतले. सगळे नॉर्मल आले, म्हणून ‘टेन्शन घेऊ नका’ एवढेच सांगितले. मनोविकारतज्ज्ञांनी झोप, भूक, घरची भांडणे विचारली, पण पाळीची तारीख विचारली नाही. पुढे एका डॉक्टरांनी ती विचारली आणि दोन महिने रोजची नोंद ठेवायला सांगितले. सुनेने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, रोज रात्री पेन्सिलीने आकडा लिहिला: बरे वाटले तर शून्य, असह्य झाले तर पाच. पाळीच्या आधीच्या आठवड्यात चार-पाच आणि नंतर शून्य-एक, दोन्ही महिने तसेच! घरातल्या पुरुषांनाही ते पान दाखवल्यावर वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

या आजाराला पीएमडीडी (प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर) म्हणतात. रिपोर्ट नॉर्मल येतात, कारण हॉर्मोन्सचे प्रमाण बिघडलेले नसते. बीज सुटल्यानंतर त्यांत जे नेहमीचे चढउतार होतात, तेच काही जणींच्या मेंदूला सोसत नाहीत. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली डीएसएम-5 या मानसिक आजारांच्या ग्रंथात याला स्वतंत्र आजार मानले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीतही तो आहे. सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्या यावर चालतात, काही जणींना तर त्या पाळीआधीच्या दोन आठवड्यांतच घेऊन भागते. सोबत समुपदेशनाचाही उपयोग होतो. मात्र पाळी येऊन गेल्यावरही आकडा उतरत नसेल, तर मूळ दुखणे दुसरे, बहुधा नैराश्याचे, असू शकते आणि त्याचे उपचार वेगळे. म्हणूनच तारीख विचारायला हवी.

बांबोळीला मनोरुग्णालय आहे, त्यामुळे गावात ‘तिला बांबोळीला नेली’ म्हटले की मुलीच्या कपाळी शिक्का बसतो. वास्तविक गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळही बांबोळीलाच आहे, पण तिथल्या स्त्रीरोग विभागात गेलेल्या बाईला कोणी काही म्हणत नाही. त्यामुळे मनाची विचारपूस प्राथमिक आरोग्य केंद्रातच, स्त्रियांच्या तपासणीच्या वेळीच व्हावी असे मला कळकळीने वाटते. हे अशक्य नाही. 1996 साली गोव्यात सुरू झालेल्या ‘संगत’ संस्थेने साध्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांना इथल्याच आरोग्य केंद्रांत बसवले. नैराश्य आणि चिंतेने त्रासलेल्यांना सरकारी केंद्रांत त्याचा फायदा झाला, आणि तो अभ्यास 2010 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. गोव्यात सिद्ध झालेली गोष्ट गोव्याच्याच बायकांना का मिळू नये? आरोग्य खात्याने आठवड्यातून एक दिवस तरी समुपदेशक द्यावी, आणि मनाची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईच्या केसपेपरवर पाळीची तारीख लिहिणे सक्तीचे करावे.

मुलीला, सुनेला असा त्रास होत असेल तर आजपासून कॅलेंडरवर नोंद सुरू करा आणि ते पानच डॉक्टरांपुढे ठेवा. पण ती मरणाची भाषा बोलत असेल तर दोन महिने थांबू नका. तिला एकटी सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, डिचोली
(सुनेच्या इच्छेवरून नाव छापू नये, ही विनंती.)