शाइव्हलीतलं घर आणि पंधरा वर्षांची शिक्षा

सातारा, १२ ऑक्टोबर

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेली घरांची यादी पाहिली. तिथल्या किमतींतलं मला काही कळत नाही, पण केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहराला लागून असलेल्या शाइव्हलीचं नाव वाचलं आणि थांबले. घर दाखवणाऱ्या एजंट बाई तुला म्हणाल्या ना, की त्या भागात पूर्वी एका काळ्या कुटुंबाचं घर सुरुंगानं उडवलं होतं, 'पण ते सगळं कम्युनिस्टांनीच घडवून आणलं होतं'? आणि तू मला फोनवर विचारलंस, आई, हे खरं का गं? जन्म कोर्टात काढलेल्या बाईला असले प्रश्न फोनवर विचारू नयेत. घे आता हे लांबलचक पत्र.

आधी कायदा काय होता ते बघ. गोऱ्यांच्या वस्तीत काळ्यांनी राहायला येऊ नये, असा ठरावच लुईव्हिल शहरानं केला होता. १९१७ साली 'ब्यूकॅनन विरुद्ध वॉर्ली' या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं तो रद्द केला. मग लोकांनी दुसरी वाट काढली. खरेदीखतातच अट घालायची, की ही मिळकत काळ्या माणसाला विकणार नाही. १९४८ साली 'शेली विरुद्ध क्रेमर'मध्ये निकाल लागला, की अशी अट कोर्टाकरवी अमलात आणता येणार नाही. (तू घर पक्कं केलंस की त्याचे जुने दस्त मागून घे. अशा अटी निरर्थक झाल्या तरी तिकडच्या कितीतरी दस्तांत अजून तशाच आहेत. सापडली तर मला फोटो पाठव.) तर १९५४ साली अँड्र्यू वेड या गृहस्थाला शाइव्हलीत घर घ्यायला कायद्याची काडीइतकीही आडकाठी नव्हती. फक्त त्याला कुणी घर विकत नव्हतं.

वेड माजी सैनिक होता, विजेची कामं करायचा. घरी बायको शार्लट आणि लहान मुलगी. त्यानं अ‍ॅन आणि कार्ल ब्रेडन या गोऱ्या जोडप्याला विनंती केली, की तुमच्या नावानं घर घ्या आणि मला द्या. कार्ल तिथल्या वर्तमानपत्रात बातम्यांचा मजकूर तपासायचा, अ‍ॅनही पूर्वी बातमीदार होती. अलाबामात वाढलेली, चांगल्या खात्यापित्या घरातली. दोघं हो म्हणाले. मे महिन्यात व्यवहार झाला आणि वेड मंडळी राहायला आली. लगेच शेजारच्या मोकळ्या जागेत धमकी म्हणून क्रॉस जाळला गेला, खिडकीतून दगड आला, घरावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच महिन्याच्या १७ तारखेला 'ब्राउन' खटल्याचा निकाल लागला, शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरला. म्हणजे वॉशिंग्टनमध्ये इतिहास घडत होता आणि इकडे वेड दांपत्य रात्र रात्र पहारा देत होतं. २७ जूनच्या रात्री घराखाली डायनामाइट फुटलं. मुलगी त्या रात्री घरी नव्हती. कुणाला इजा झाली नाही, पण अर्धं घर गेलं.

आता पुढचं वाच आणि वकिलाच्या मुलीसारखं वाच. सप्टेंबरमध्ये ग्रँड ज्युरी, म्हणजे खटला भरायचा की नाही ते ठरवणारी नागरिकांची ज्युरी, बसली ती स्फोटाच्या चौकशीसाठी. चौकशी कुणाची झाली? ब्रेडन दांपत्याची. तुम्ही कुठली पुस्तकं वाचता, कुठल्या संघटनांत आहात, हे घर का घेतलंत? सरकारी वकिलाचं म्हणणं असं, की गोऱ्या आणि काळ्यांत भांडण लावून देण्यासाठी कम्युनिस्टांनी रचलेला हा कट आहे. ऑक्टोबरमध्ये अ‍ॅन, कार्ल आणि त्यांच्या बाजूचे आणखी पाच गोरे यांच्यावर आरोप ठेवला गेला. कशाचा? राजद्रोहाचा. 'राजद्रोह' म्हटलं की आपल्याला टिळकांचा १९०८चा खटला आठवतो. टिळकांनी निदान अग्रलेख लिहिले होते. इथे घराचं खरेदीखत लिहिलं होतं.

पुरावा काय? त्यांच्या घरातून उचलून आणलेली पुस्तकं आणि कागदपत्रं. पूर्वी कम्युनिस्ट असलेले, आता गावोगावच्या खटल्यांत साक्षी देत फिरणारे साक्षीदार. कम्युनिस्ट म्हणजे काय, हे ते ज्युरीला समजावून सांगत, आरोपीनं काय केलं याच्याशी त्याचा संबंध असो नसो. शेवटी उभी केली एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेची एक खबरी बाई, जी ब्रेडनांच्या ओळखीत वावरत होती. ज्युरी सगळी गोरी. १३ डिसेंबरला कार्लला पंधरा वर्षांची शिक्षा झाली. स्फोट करणाऱ्यांवर कधीच खटला चालला नाही.

आणखी एक तारीख लक्षात ठेव. हा खटला चालू असतानाच, २ डिसेंबर १९५४ ला, जिथे तिथे कम्युनिस्ट शोधत देशाला घाबरवणाऱ्या सिनेटर मॅकार्थीवर खुद्द सिनेटनंच ठपका ठेवला. पाठ्यपुस्तकांत साधारण तिथे कम्युनिस्टांची ती भीती संपते. केंटकीत ती अकरा दिवसांनी एका माणसाला पंधरा वर्षं आत पाठवत होती. भीती मॅकार्थीच्या आधीपासून होती आणि त्याच्याशिवायही चालू शकत होती.

आधीपासून म्हणते ते असं. १९४७ साली अध्यक्ष ट्रूमन यांनी केंद्र सरकारच्या सगळ्या नोकरांची निष्ठा तपासायचा हुकूम काढला. त्यात डोरोथी बेली नावाची एक कृष्णवर्णीय बाई सापडली, रोजगार खात्यात नोकरीला होती. तिच्याविरुद्ध कोण बोललं हे तिला सांगितलं नाही. तिची चौकशी करणाऱ्या मंडळालाही त्या खबऱ्यांची नावं ठाऊक नव्हती. उलटतपासणी घ्यायची तरी कुणाची! आणि तिला विचारलेला एक प्रश्न असा: रक्त वेगवेगळं ठेवण्याबद्दल तू रेडक्रॉसला कधी पत्र लिहिलं होतंस का? तेव्हा अमेरिकेत रेडक्रॉस गोऱ्यांचं आणि काळ्यांचं रक्त वेगळं साठवत असे, १९५० पर्यंत. म्हणजे त्या प्रथेबद्दल तक्रार करणं हीच देशनिष्ठेबद्दल संशयाची खूण. बेलीची नोकरी गेली. १९५१ साली सुप्रीम कोर्टात चार विरुद्ध चार मतं पडली, त्यामुळे खालचा निकाल कायम राहिला.

मला सांगायचंय ते हेच. वेडला घर का मिळू नये, रक्ताला रंग असतो का, या प्रश्नांना वर्णभेद मानणाऱ्यांकडे धड उत्तर नव्हतं. मग प्रश्न विचारणारा कोण, त्याच्या कपाटात काय, तो कुणाबरोबर जेवतो, यावर चर्चा न्यायची. आरोपीच बदलून टाकायचा. कोर्टात असले वकील मी पुष्कळ पाहिले, पण तिथे सगळा देशच ही युक्ती शिकला होता.

तुझ्या एजंट बाईंचा एक मुद्दा मात्र झटकून टाकू नकोस. या लढ्यात कम्युनिस्ट खरंच होते. १९३१ साली अलाबामात नऊ काळ्या पोरांवर बलात्काराचा खोटा आरोप आला आणि त्यांतल्या आठ जणांना फाशी सुनावली गेली, तेव्हा त्यांच्यासाठी पहिल्यांदा धावून गेले ते कम्युनिस्टांचे वकील. आणि त्यांच्यातले कित्येक जण स्टालिनच्या अत्याचारांकडे डोळेझाक करत राहिले, हेही खरं. पॉल रोबसनसारखा काळा अमेरिकी गायक, एवढा मोठा माणूस, पण स्टालिनच्या तुरुंगांबद्दल जाहीरपणे कधी बोलला नाही. मला ते आजही खटकतं. तरी त्याचा पासपोर्ट १९५० पासून आठ वर्षं काढून घेतला, तो स्टालिनसाठी नव्हे. परदेशात जाऊन तो काळ्यांच्या हालांबद्दल बोलतो, हे सरकारला डाचत होतं. १९५८ साली त्याची साठी भारतात साजरी झाली, त्या समितीचे अध्यक्ष आपल्या मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती छागला होते. अमेरिकी वकिलातीला ते अजिबात रुचलं नव्हतं.

आणि डु बॉईस, काळ्यांच्या हक्कांसाठी आयुष्यभर लढलेले विद्वान. १९४६ साली बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या नॅशनल निग्रो काँग्रेस या काळ्यांच्या संघटनेनं संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं त्यांनी वाचलं होतं. अस्पृश्यांसाठीही तसं काही करता येईल, म्हणून त्यांना त्या अर्जाच्या प्रती हव्या होत्या. डु बॉईसनी जुलैअखेर आपुलकीनं उत्तर दिलं. पुढे काय झालं बघ. ती निग्रो काँग्रेस लाल ठरून वर्षा-दीड वर्षात मोडीत निघाली. डु बॉईसना त्यांनीच उभ्या केलेल्या एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थेनं १९४८ साली काढून टाकलं. १९५१ साली, वयाच्या ८३व्या वर्षी, परक्या देशाचे हस्तक म्हणून त्यांच्यावर खटला चालला. आधी हातात बेड्याही पडल्या होत्या. पुराव्याअभावी न्यायाधीशांनीच त्यांना सोडलं.

एनएएसीपीनं १९५० साली कम्युनिस्टांना बाहेर काढायचा ठराव केला. काही उपयोग झाला का? १९५६ साली अलाबामा सरकारनं त्याच संस्थेवर राज्यात बंदी आणली आणि सभासदांची यादी मागितली. पुढच्या वर्षी मार्टिन ल्यूथर किंग टेनेसीतल्या, चळवळीतल्या कार्यकर्त्यांना शिकवणाऱ्या हायलँडर शाळेत गेले, तिथला फोटो जॉर्जिया सरकारच्या माणसानं काढला आणि तो 'कम्युनिस्ट प्रशिक्षण शाळेत किंग' म्हणून दक्षिणेत रस्तोरस्ती फलकांवर लागला. लोटांगण घालूनही संशय सुटला नाही, आणि मधल्या मध्ये डु बॉईससारखी माणसं संस्थेनं गमावली. भाकरी, मजुरी, घर हे सगळं मानवी हक्क म्हणून मागणारा त्यांचा आवाज बाजूला पडला आणि मागणी बरीचशी शाळा, बस आणि मतदान यांपुरती आखडली.

पण हीच भीती उलटही फिरली, आणि हे मला फार मजेचं वाटतं. डिसेंबर १९५२ मध्ये 'ब्राउन' खटल्यात सरकारनं स्वतः कोर्टाला लिहून दिलं, की वर्णभेदामुळे कम्युनिस्टांच्या प्रचाराला आयतं खाद्य मिळतं. निकाल लागल्यावर तासाभरात व्हॉइस ऑफ अमेरिका या सरकारी रेडिओनं तो जगभर प्रसारित केला. न्यायाच्या प्रेमापोटी जे झालं नसतं ते जगात नाचक्की होईल म्हणून झालं. अर्ज मंजूर झाला की मी कारण विचारत बसत नाही. पण असल्या कारणानं मिळालेलं, कारण संपल्यावर कितपत टिकतं, ते बघावं लागतं.

कार्ल सात-आठ महिन्यांनी जामिनावर सुटला. १९५६ साली सुप्रीम कोर्टानं दुसऱ्याच एका खटल्यात राज्यांचे असे राजद्रोहाचे कायदे निकालात काढले आणि त्याची शिक्षा रद्द झाली. वेड कुटुंबाला मात्र त्या घरात राहता आलं नाही. अ‍ॅन आणि कार्ल काम करतच राहिले. १९५८ साली कम्युनिस्टांची चौकशी करणाऱ्या, संसदेच्या 'अन-अमेरिकन' समितीनं कार्लला अटलांटात बोलावून विचारलं, तू कम्युनिस्ट आहेस का? पाचव्या घटनादुरुस्तीचा आधार घेतला असता तर तो सुटला असता. उत्तरानं मी अडचणीत येईन, म्हणून बोलत नाही, एवढं म्हणायचं. त्यानं तसं केलं नाही. हा प्रश्न विचारायचा तुम्हाला अधिकारच नाही, असं म्हणून त्यानं भाषणस्वातंत्र्य देणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीवर बोट ठेवलं. वकील म्हणून मी त्याला असा सल्ला कधीच दिला नसता. उत्तर नाकारल्याबद्दल खटला झाला, १९६१ साली सुप्रीम कोर्टात तो पाच विरुद्ध चार मतांनी हरला आणि पुन्हा तुरुंगात गेला.

त्या चार न्यायाधीशांत ह्यूगो ब्लॅक होते. अलाबामाचे, पूर्वी खुद्द कू क्लक्स क्लान या काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या संघटनेचे सभासद राहिलेले. त्यांनी भिन्नमत लिहिलं, की हा निकाल राहिला तर दक्षिणेत समतेच्या बाजूनं बोलणाऱ्या कुणालाही असं ओढून आणता येईल. इंटरनेटवर मिळेल, लांब नाही. तू वाच, आणि एजंट बाईंचा ईमेल असेल तर त्यांनाही पाठव. घराचं मात्र कमिशन आधी ठरवून घे, मग पाठव.

तुझी,
आई