४२० पावलं

॥ श्री ॥

शहापूर, बेळगाव
१४ जून

चि. अनघास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू वैतागली होतीस, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर बोट पांढऱ्या अस्वलापासून ३०० मीटर लांब ठेवावी लागते म्हणून. "३०० मीटर, बाबा! एवढ्या लांबून अस्वलाचा काय डोंबलाचा फोटो येणार?" मी नुसतं हूं हूं केलं आणि फोन आईकडे दिला. म्हातारा कंटाळला असं वाटलं असेल तुला. तसं नव्हतं. मला एक सांगायचं होतं आणि ते फोनवर जमेना. आज सकाळपासून पाऊस धरून आहे, लाइट दोनदा जाऊन आली, आई कपिलेश्वराला गेलीय. म्हटलं, लिहूनच टाकू.

आधी तुझ्या ३०० मीटरचं. काल जरा उघडीप मिळाल्यावर दारातून पावलं मोजत निघालो. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत ४२० भरली. आकडा हसण्यासारखा आलाय, पण मोजणी खरी आहे. माझं पाऊल आता सव्वादोन-अडीच फुटांचं पडतं, म्हणजे झाले की तुझे ३०० मीटर. घरी येऊन एफएम टू कॅमेऱ्याला जुनी ३०० मिलिमीटरची लेन्स चढवली आणि उंबऱ्यावरून बघितलं. गिरणीतला पोरगा बाहेर येऊन उभा होता, डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरा. तुझं अस्वलच म्हण. दिसत होता तांदळाच्या दाण्याएवढा. पण त्याच्याभोवती ओली कौलं होती, तारेवर कावळे होते, कुणाची तरी सायकल होती, आणि डबक्यात त्याचंच पांढरं उलटं रूप. मी बराच वेळ बघत राहिलो. रोल नव्हता, नाहीतर काढलाच असता.

तुझ्याकडे ६०० ची लेन्स आहे. अडीच मीटर लांबीचं अस्वल ३६ मिलिमीटरच्या फ्रेममध्ये ५ मिलिमीटर येईल. वाईट नाही. आणि जवळून काढलेली अस्वलाची तोंडं जगात पोत्यानं पडलीत, त्यात तुझं एक कशाला? शिवाय तिकडं एक भानगड असते. गार पाण्यावर जरा ऊबदार हवा आली की लांबचं सगळं थरथरतं, आपल्या धारवाड रोडवर एप्रिलात डांबर थरथरतं तसं. लेन्स जेवढी लांब, तेवढी ती थरथर मोठी. तेव्हा डोळ्यातली चमक टिपायचा हट्ट धरलास तर हाती चिखल येईल. केबिनच्या उघड्या दारातूनही काढू नकोस, आतली गरम हवा बाहेर पडताना तेच करते. आणि लेन्स कठड्यावर टेकवू नकोस, इंजिनाचा कंप थेट काचेत उतरतो.

नियम जानेवारी २०२५ पासूनचा आहे ना? मार्च ते जूनअखेर ५०० मीटर आणि एरवी ३००. तू जुलैत जातेयस, म्हणजे सवलतीतच आहेस की गं.

बोट १२ माणसांचीच घेतलीस ते मात्र चांगलं केलंस. १२ च्या वर प्रवासी गेले की समुद्राच्या कायद्यात ते प्रवासी जहाज ठरतं आणि नियम पार बदलतात, म्हणून या छोट्या बोटी १२ वर थांबतात. मोठ्या जहाजाच्या सातव्या मजल्यावरून अस्वलाची पाठ तेवढी दिसली असती. छोट्या बोटीचा डेक पाण्यालगत, म्हणजे नजरेला नजर. पैशाचं मी काही बोलणार नाही. तू भरलेस तेवढ्यात मी दुकानाची जागा घेतली होती आणि उरलेल्यात आईला बांगड्या केल्या होत्या, एवढंच सांगून ठेवतो.

बर्फाचं सांगतो. कॅम्पातल्या चर्चमधलं पहिलं लग्न मी केलं तेव्हा नवरीचा पांढरा गाऊन राखाडी आला. नवरीच्या आईनं फोटो माझ्यासमोर पसरले आणि म्हणाली, "आम्ही काय माझ्या मुलीला मळका गाऊन घातला होता?" तेव्हा कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर कसा फसतो ते कळलं. त्याला सगळं जग राखाडीच वाटतं. पांढरं जास्त दिसलं की तो उजेड कमी करतो. बर्फ म्हणजे तोच गाऊन, क्षितिजापर्यंत पसरलेला. एक-दीड स्टॉप उजेड वाढव. अस्वल त्यात पिवळसर दिसेल, तसंच राहू दे. घरी येऊन कॉम्प्युटरवर त्याला धुऊन पांढरं करू नकोस.

दमटपणाशी तर आपलं पिढीजात वैर. दुकानातलं लोखंडी कपाट आठवतंय? जूनपासून आत १५ वॅटचा बल्ब दिवसरात्र जळायचा आणि तू त्याला "लेन्सचा देवारा" म्हणायचीस. तो बल्ब उडाला आणि माझ्या लक्षात यायला आठ दिवस लागले, तेवढ्यात ८५ च्या लेन्समध्ये बुरशीचं जाळं धरलं होतं. तिकडं बुरशी नाही, पण गार डेकवरून कॅमेरा तसाच आत नेलास तर काचेवर धुकं धरेल, आणि आतल्या काचांवर धरलं तर पुसणार कसं? बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांध, मग आत ने आणि तासभर उघडू नकोस. समोर चहा आला म्हणून घाई करशील, तुला ओळखतो मी. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला.

आता एक गोष्ट. मी ती फार पूर्वी एका मासिकात वाचली होती आणि डार्करूममध्ये लाल दिव्याखाली कित्येकदा आठवली. तुम्ही स्वालबार्डच्या वायव्य टोकाला गेलात तर डान्सकोया नावाचं बेट लागेल. ११ जुलै १८९७ ला तिथून तीन स्वीडिश माणसं बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाली. आंद्रे, फ्रेंकेल आणि स्ट्रिंडबर्ग. यातला स्ट्रिंडबर्ग २४ वर्षांचा, फोटोग्राफर. तीन दिवसांत बलून बर्फावर उतरलं. पुढं अडीच-तीन महिने ती माणसं बर्फावरच होती, अस्वलं मारून खात होती, आणि हा पोरगा फोटो काढत होता. शेवटी क्वितोया बेटावर तिघंही मेले. त्यांचा पत्ता लागला १९३० मध्ये, ३३ वर्षांनी. सामानात एक्स्पोज केलेल्या फिल्मचे रोल सापडले, एक तर कॅमेऱ्यातच होता. स्टॉकहोमला हर्ट्झबर्ग म्हणून एकानं ते डेव्हलप केले आणि २४० पैकी ९३ फ्रेम वाचल्या. एकीत बलून आडवं पडलंय आणि दोघं जण त्याच्याकडे बघत नुसते उभे आहेत.

मी विचार करतो त्या हर्ट्झबर्गचा. ३३ वर्षं बर्फात भिजलेली फिल्म. ती डेव्हलपरमध्ये सोडताना त्याचे हात कसे राहिले असतील? मी गिऱ्हाइकाच्या लग्नाचा रोल धुताना देवाचं नाव घ्यायचो. आणि ट्रेमध्ये हळूहळू काळं उमटत गेलं असेल, आधी बलून, मग ती दोन माणसं... तू डार्करूममधल्या हायपोचा वास घेत वाढलीस, तुला वेगळं सांगायला नको.

बरं. आता जे सांगायला बसलोय ते.

काउंटरच्या मागं तो मोठा फोटो होता, स्वर्गीय नर्तकाचा. पांढरा नर, फितीसारखी लांब शेपटी, आणि घरट्यात तीन उघड्या चोची. तू स्टुलावर चढून त्या शेपटीवरून बोट फिरवायचीस. हातात पहिल्यांदा कॅमेरा मागितलास तो त्या फोटोपायी.

तो १९८९ च्या मे महिन्यातला. जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या वाटेवर, ओढ्याकाठी. आता तिकडं भीमगड अभयारण्य आहे, पण ते २०११ चं. तेव्हा कोण विचारतंय? घरटं चहाच्या कपाएवढं, कोळ्याच्या जाळ्यानं लिंपलेलं, पानांच्या आड. मधे एक फांदी येत होती. मी ती सुतळीनं ओढून शेजारच्या झाडाला बांधली. दुपारचं ऊन सरळ घरट्यावर पडलं. काय उजेड होता गं! ३६ च्या ३६ फ्रेम काढल्या. नर येत होता, चारा देऊन जात होता, आणि मी खूश. शेवटच्या बसची वेळ झाली तसा सामान गोळा करून पळत सुटलो. सुतळी सोडायची राहिली. जांबोटी आली तेव्हा आठवलं. उतरलो नाही. दुसऱ्या दिवशी लग्नाची ऑर्डर होती. तिसऱ्या दिवशी गेलो. सुतळी तशीच ताणलेली. घरट्यात काही नव्हतं. खाली पाचोळ्यावर मुंग्यांची रांग लागली होती. ती कुठं जाते ते मी बघितलं नाही.

त्या फोटोला एका स्पर्धेत बक्षीस मिळालं. मोठा करून लावला. कन्नड गिऱ्हाइकं "फोटो भाळ चलो बंदैत्री" म्हणायची, मराठी गिऱ्हाइकं "एक नंबर" म्हणायची, आणि मी मान डोलवायचो. तू विचारायचीस, "बाबा, ती पिल्लं आता मोठी झाली असतील ना?" मी म्हणायचो, "होय की, त्यांना पण पिल्लं झाली असतील." एकदा नाही, कितीदा म्हणालो.

दुकान आवरताना तो फोटो घरी आणला नाही म्हणून तू भांडली होतीस. वाळवी लागली असं मी सांगितलं. वाळवी लागली नव्हती. माळ्यावर आहे, गोधडीत गुंडाळून. आईलाही ठाऊक नाही. तिला वाटतं ती गोधडी मी कुणाला देऊन टाकली.

तिकडं किनाऱ्यावर उतरलात की तुमचा गाइड खांद्याला बंदूक लावून पुढं चालेल. माणसं जवळ गेली आणि अस्वल बिथरलं, तर शेवटी ती गोळी अस्वलालाच लागते. माझी सुतळी होती, एवढाच फरक. तेव्हा कॅप्टननं इंजिन बंद केलं आणि "इथंच" म्हणाला, तर बाकीच्या अकरा जणांबरोबर तू कुरकुर करू नकोस.

एक फोटो मात्र मागतो. हिनलोपेनच्या सामुद्रधुनीत आल्केफ्येलेट म्हणून काळा कडा आहे. त्यावर ब्रुनिकच्या गिलेमॉट पक्ष्यांच्या सुमारे ६० हजार जोड्या असतात. घरटं बांधत नाहीत, उघड्या खडकावर एकच अंडं. पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की उडता येत नसतानाच कड्यावरून खाली समुद्रात उडी टाकतं, आणि बाप त्याच्याबरोबर जातो. आई नाही, बाप. पुढं कित्येक आठवडे समुद्रावर तोच त्याला सांभाळतो. जुलैच्या शेवटाला या उड्या सुरू होतात, तुझ्या तारखांत कदाचित सापडेल. पिल्लू ठिपक्याएवढं आलं तरी चालेल, हललेलं आलं तरी चालेल. कडा पूर्ण येऊ दे.

आता किरकोळ. व्हिसा दोन एंट्रींचा आहे का ते परत एकदा बघ. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेन व्हिसाच्या हद्दीबाहेर आहे, म्हणजे ऑस्लोहून निघताना तू बाहेर पडतेस आणि परतताना पुन्हा आत शिरतेस. एकच एंट्री असली तर येताना अडकशील. १९२० च्या ज्या करारानं ती बेटं नॉर्वेला मिळाली, त्यावर तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानचीही सही आहे, आणि तिथं राहायला, काम करायला वेगळा व्हिसा लागत नाही म्हणे. सीमाभागात जन्म काढलेल्या माणसाला हे वाचून कसं वाटलं असेल ते तू ओळख. तिथल्याच नी-ऑलेसुंदला आपलं हिमाद्री संशोधन केंद्र आहे, २००८ पासून. बोट त्या बाजूला गेली तर लांबून नमस्कार कर.

कुंदा पाठवतोय, एक किलो. अर्धा बोटीवर वाट, पण अस्वलाच्या वाऱ्याला उघडू नकोस. बुटांचे तळवे इथूनच घासून ने. तिकडं परक्या मातीचं बी चालत नाही, किनाऱ्यावर उतरायच्या आधी तपासतात.

आई आत्ता देवळातून आली. मी काय लिहितोय विचारत होती, मी म्हटलं बॅटऱ्यांचं. ती म्हणते, तिकडच्या लाँगियरब्येन गावात हॉटेलात शिरताना बूट दारातच काढून ठेवायला लावतात असं तूच तिला सांगितलंस, खाणकामगारांच्या वेळेपासूनची रीत आहे ती. तर मोजे न फाटलेले ने.

तुझा
बाबा