मा. सांस्कृतिक कार्यमंत्री साहेब, ‘काळ’चे अंक अख्खे स्कॅन करा, मुद्रकाच्या नावासकट

साहेब, सविनय नमस्कार.

मागच्या महिन्यात एका जुन्या वाचनालयात ‘काळ’च्या अंकांचा गठ्ठा बघायला मिळाला. शि. म. परांजप्यांनी 1898 साली काढलेलं साप्ताहिक. सुतळी सोडली तर कडांचा नुसता चुरा टेबलावर पडला, कुणीतरी कधीतरी लावलेली चिकटपट्टी पिवळी पडून खालची अक्षरं घेऊन गेलीये. मी पानं उलटायचीच थांबवली, भीती वाटली हो.

तुमचे अधिकारी सांगतील, लेख पुस्तकात आलेत. आलेत, पण निवडक. जाहिराती नाहीत आणि छापणाऱ्याचं नावही नाही. 1867 च्या कायद्यानं छापील मजकुरावर मुद्रकाचं नाव आणि छापल्याचं ठिकाण टाकणं सक्तीचं होतं, म्हणजे पोलिसांना पत्ता आधी त्याचाच मिळायचा. 1908 ला टिळकांना मंडाले, त्याच साली परांजप्यांना शिक्षा, 1909 ला बाबाराव सावरकरांना कविता छापल्या म्हणून जन्मठेप, 1910 ला खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर बंदी, हे सगळं आपल्याला निदान ऐकून तरी माहितीये. पण 1910 च्याच प्रेस अ‍ॅक्टनं नवा छापखाना काढणाऱ्याकडून 500 ते 2000 रुपये तारण घ्यायचे, मजकूर खटकला की ते जप्त, परत सुरू करायचं तर 1000 ते 10,000 भरा आणि तरीही छापलंत तर मशीनसकट छापखानाच जप्त. तेव्हाचे 500 रुपये, साहेब! एवढी जोखीम घेऊन छपाईचे खिळे जुळवणाऱ्या माणसांची नावं कुठल्या निवडक खंडात मिळणार?

आणि त्या इंग्रज सरकारचे अनुवादक देशी वर्तमानपत्रांचा दर आठवड्याला इंग्रजी गोषवारा काढायचे, ते रिपोर्ट आजही शाबूत आहेत. दाबणाऱ्यांची टिपणं टिकली आणि मूळ मराठी आपल्या हातात चुरा होतंय, हे मला सहन होत नाही.

पुराभिलेख संचालनालय तुमच्याच खात्यात आहे. वाचनालयं दुसऱ्या खात्याकडे येतात, माहितीये, पण दोन मंत्री एकदा बसले तर हे सुटेल. गठ्ठे टेम्पोत घालून मुंबईला नेऊ नका, वाटेतच संपतील, वरून फोटो घेणारा स्कॅनर वाचनालयातच पाठवा, पहिल्या पानापासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं घ्या आणि नेटवर फुकट ठेवा.

सुतळी मी परत सैलच बांधून आलोय. पावसाळ्याच्या आत कुणालातरी पाठवा.

आपला,
एक वाचक